येसबा पाथरवटाचा कुंद

शके सतराशे त्र्याहत्तर. पौष महिना, शुद्ध पक्ष, शाकंभरीचं नवरात्र बसलेलं. थंडी अशी की सकाळी दगडाला हात लावला तर चटका बसावा. हे साल आमच्याकडे पोरासोरांना पाठ आहे. आमच्या गावाची गोष्ट 'कुठंतरी एक गाव होतं' अशी सुरू होत नाही. गाव आहे. नाव उंबरखडक.

घाटाच्या माथ्यावर सगळा खडक. वर ओंजळभर माती, खाली पाषाण. पावसाळ्यात गवत येतं, दिवाळीनंतर वाळतं. शेवंती लावली तर मार्गशीर्षातल्या हिवानं करपते. पौषात गावात फूल म्हणून मिळत नाही. आज मिळतं. ते कसं, तेच सांगतो.

त्या वेळी गावात येसबा नावाचा पाथरवट होता. जाती, पाटे, उखळ घडवायचा. पण नाव झालं ते दोणीमुळं. गुरांना पाणी पाजायची दगडी दोण त्यानं कोरली की थेंब पाझरत नसे. लोक म्हणायचे, "येसबाची दोण आन पाटलाचा शबुद, दोन्हीला फट न्हाई." येसबा हे ऐकून मान ताठ करायचा. त्याची बायको चिमा त्याला म्हणायची, "त्या दगडावाणीच हायसा तुमी. कुटनं पाझर म्हून न्हाई." म्हणायची आणि हसायची. मूलबाळ नव्हतं. दोघंच होती.

त्या पौषात चिमाला ताप भरला. घाटाखालून वैद्य आणला. त्यानं नाडी पाहिली आणि बजावलं, "तापात पाणी दिलंस तर छाती भरेल. थेंब द्यायचा नाही." तेव्हा अशीच रीत होती. येसबानं ती पाळली. चिमा दोन दिवस पाणी मागत होती. शेवटी म्हणाली, "व्हट तरी भिजवा." येसबानं ओठ भिजवले नाहीत. तिच्याजवळ बसवेना म्हणून तो ओट्यावर जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी चिमा गेली.

सवाष्ण गेली. बायकांनी न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. मग सगळ्या थांबल्या. अंबाड्यात घालायला फूल नव्हतं. सवाष्ण बाईनं उघड्या अंबाड्यानं जाऊ नये, अशी आमची रीत. पोरं माळभर हिंडली, हात हलवत परत आली. घाटाखाली जाऊन यायचं तर दिवस मावळणार. आणि नवरात्रात प्रेत गावात ठेवायचं नव्हतं.

गावात फुलांची अशी एकच माळ होती. ती खडकाईच्या गळ्यात. खडकाई आमची ग्रामदेवता. घाटाखाली नदीकाठी कोंडाई माळीण राहायची, तिच्या बागेतून नवरात्रापुरती देवीला कुंदाची माळ यायची. पांढरी, दाट, गोड वासाची.

लिंगोजी गुरव देवळातून निघाला तो माळ हातात घेऊन. देवीच्या गळ्यातून त्यानं ती उतरवली होती. कोणाला विचारलं नाही. चिमाच्या अंबाड्यात स्वतःच्या हातानं माळली आणि म्हणाला, "लेक निघालीय. आई काय रागावनार न्हाई."

आई रागावली की नाही, ते आई जाणे. गाव रागावलं.

तेरावा झाल्यावर चावडीपुढं पंच बसले. सुभानराव पाटील मधोमध. नवरात्रात देवीचा गळा उघडा पडला, देवीची माळ मढ्याला गेली. लिंगोजीला विचारलं, तो म्हणाला, "व्हय, मीच काढली." येसबा पुढं झाला आणि म्हणाला, "दंड माझ्यावर घाला." पाटलानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. निकाल दिला तो असा. गुरवानं देवळाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. देवीची माळ देवीला परत मिळेल त्या दिवशी त्यानंच ती घालायची आणि पूजा पुन्हा हाती घ्यायची.

येसबा म्हणाला, "उद्या घाटाखाली जाऊन आणतो."

पाटील म्हणाला, "इकतची न्हाई चालायची. देवीची वस्तू गावानं घेतली. गावच्या खडकात उगवून दे. शाकंभरीच्या नवरात्रात दे. मग फिटलं म्हनू."

लोक एकमेकांकडं बघू लागले. या खडकात पौषात फूल! पाटलानं निकाल नाही दिला, लिंगोजीला जन्माची शिक्षा दिली, हे सगळ्यांना कळलं. लोक उठून आपापल्या घरी गेले.

परगावचा एक गुरव मंगळवारी येऊन पूजा करू लागला. लिंगोजी बाहेर दीपमाळेच्या पायथ्याशी बसायचा. अंगण झाडायचा, पायऱ्या धुवायचा. आरती सुरू झाली की बाहेरून टाळ वाजवायचा. देवीचं तोंड त्याला तिथून दिसत नसे. मध्ये खांब यायचा.

येसबानं छिन्नी-हातोडा घेतला आणि देवळाच्या उजव्या अंगाला खडकात खड्डा खणायला घेतला. कडा तिथून हाकेच्या अंतरावर. कमरेइतका खोल खड्डा, आतून घोटीव, तळ ताटासारखा. नदीचा गाळ आणि लेंडीखत डोक्यावरून वाहून आणून तो भरला. मग श्रावणात कोंडाईकडं गेला.

कोंडाई म्हातारी होती, तोंडानं फटकळ. तिनं कुंदाची एक फांदी वाकवून मातीत दाबून ठेवली होती, वर दगड. म्हणाली, "याला दाब म्हंत्यात. मुळ्या फुटल्याबिगर आईपासनं तोडायचा न्हाई. आता फुटल्यात. घिऊन जा. आन दगडं फोडनाऱ्या, हळू हातानं धर, त्ये जातं न्हवं."

येसबानं रोप नेलं. लावलं. आणि पाणी घालायला लागला. गावच्या टाक्यातलं पाणी झाडाला द्यायला गाव तयार नव्हतं. तो रोज घाट उतरून नदीवरून घागर आणायचा. सकाळी एक, तिन्हीसांजेला एक. पाऊस पडत असला तरी आणायचा. लोक हसायचे. "आरं येसबा, वरनं देव वततोय, तू कशाला वततूस?" येसबा घागर रोपाच्या मुळाशी रिकामी करायचा. रोपाची माती जरा सुकलेली दिसली की त्याचा जीव कासावीस व्हायचा. ते का, हे कोणाला ठाऊक नव्हतं. चिमा पाणी मागत गेली, हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

रोप पिवळं पडलं आणि मेलं.

दुसऱ्या वर्षी दुसरं आणलं. तेही मेलं. लोक म्हणू लागले, देवीला येसबाच्या हातचं नको. पोरं तोंडावर विचारू लागली, "येसूकाका, फूल कदी? दगडाला पालवी फुटल्यावर?"

येसबानं मेलेलं रोप उपटलं. हात मातीत खोल घातला. हात काळा होऊन बाहेर आला, कुजक्या पाण्याचा वास येत होता. खड्ड्याच्या तळाला पाणी साठलं होतं. त्यानं झाडासाठी खड्डा खणला नव्हता, दोण कोरली होती. थेंब पाझरणार नाही अशी. आयुष्यभर दुसरं काही केलं नव्हतं, हात तेच करत गेले.

तो दिवसभर त्या खड्ड्याशी बसला. संध्याकाळी घण उचलला आणि कड्याच्या बाजूनं खड्ड्याच्या तळावर घातला. असं म्हणतात की तो घाव पहिला आणि शेवटचा. खडक फुटला. फट कड्यापर्यंत गेली आणि कड्यावरून खाली नदीपर्यंत उतरली. घाटाखालच्या गावांना वाटलं, वीज पडली. त्या दिवसानंतर येसबानं एकही दोण कोरली नाही.

तिसरं रोप जगलं.

नुसतं जगलं नाही, माजलं. दोन वर्षांत छातीइतकं झालं. चैत्रात सगळा माळ करडा, गवताची काडी उभी नाही, आणि मध्ये ही हिरवी जाळी. गावची म्हातारी माणसं नुसती बघायला येऊन बसायची. शेरडं यायची, येसबा काठी घेऊन उभा. पण पौष आला आणि गेला, फूल नाही. पुढचा पौष आला आणि गेला, फूल नाही. कळी नाही. नुसती पानं, काळपट हिरवी, तुकतुकीत.

येसबा पुन्हा घाट उतरला. कोंडाई आता खाटेवर होती. तिनं त्याला जवळ बोलावून पान बघितलं. हुंगलं. म्हणाली, "लाडावलंस. रोज पानी पाजतूस न्हवं?"

"व्हय, मावशी."

"मग कशाला फुलंल ते? कोजागिरी झाली की पानी तोड. पानं मान टाकतील. टाकू दे. थोडी गळतील. गळू दे. मराया टेकलं असं वाटलं की कळी धरतंय. कळी दिसली की मग पाज."

येसबानं तिच्या हातातलं पान परत घेतलं. मग म्हणाला, "मावशी, दुसरं कायबी सांग."

"दुसरं न्हाई," कोंडाई म्हणाली. "झाडाचं ह्येच हाय."

कोजागिरी झाली. येसबानं पाणी तोडलं. चार-पाच दिवसांत वरची पानं लोंबली. येसबा उठला, घागर घेऊन घाट उतरला आणि झाडाला भरपूर पाणी पाजलं. पानं उभी राहिली. तो पौषही कोरडा गेला.

लिंगोजी हे सगळं दीपमाळेखालून बघत होता. बघत होता म्हणजे, जेवढं दिसत होतं तेवढं. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस जवळ आला की सावली हलल्यासारखी दिसे. इतक्या वर्षांत त्यानं येसबाला एकदाही बोल लावला नव्हता. येसबा रोज त्याच्याजवळ भाकरी घेऊन बसायचा. दोघं मिळून खायचे, बोलायचे थोडंच.

पुढच्या कोजागिरीच्या दिवशी लिंगोजीनं विचारलं, "येसबा, कोंडाईनं तुला पानी तोडाया सांगितलंया. अख्ख्या गावाला ठावं हाय. का तोडत न्हाईस रं?"

येसबानं भाकरी खाली ठेवली. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा सांगितलं. "लिंगूदादा, चिमा दोन दिस पानी मागत व्हती. मी दिलं न्हाई. व्हट भिजवाया सांगितलं, त्येबी न्हाई केलं. वैद्यानं सांगितलं म्हून. आन मी तिच्याजवळ बसलोबी न्हाई. ऐकवत न्हवतं म्हून भाईर जाऊन बसलो. आता पुन्यांदा कुनाला तान्हेलं ठिवायचं मला जमायचं न्हाई."

लिंगोजीनं हात झाडले. मग म्हणाला, "त्ये तुझं दुक हाय, येसबा. त्याची शिक्षा मला कशाला?"

एवढंच बोलला. तो त्याचा पहिला आणि शेवटचा बोल.

येसबा उठला. घागर उचलून घरी नेली, पालथी घातली. परत येऊन झाडाजवळ बसला आणि तिथंच बसला. असं म्हणतात की त्यानं स्वतःही पाणी तोडलं. दिवसभर थेंब नाही. सूर्य बुडाला की एक ओंजळ, ती फक्त जीव राहावा म्हणून.

पानं मलूल झाली. मग लोंबली. मग गळू लागली. गावातल्या बायका टाक्यावरून भरल्या घागरी घेऊन देवळापुढून जायच्या. येसबा त्या घागरींकडं बघायचा आणि मान फिरवायचा. बायकांना ते बघवेना. त्यांनी ती वाट सोडली, मागून वळसा घालून जाऊ लागल्या.

मग झाड बोलू लागलं, असं म्हणतात. वारा नसायचा, पण पानांतून आवाज यायचा. 'पानी' म्हणायचा. आवाज चिमाचा. जिनं चिमाबरोबर जातं ओढलं होतं, तिनं तो ओळखला आणि कानांवर हात ठेवून घरी पळाली. सुभानराव पाटील म्हातारा झाला होता. तोही काठी टेकत आला, ऐकलं, आणि परत गेला.

येसबा तिथून उठला नाही. चिमा गेली त्या दोन दिवसांत ओट्यावर जाऊन बसला होता, तसा बसला नाही. आवाज आला की तो झाडाच्या बुंध्याला हात लावून म्हणायचा, "हाय गं. मी हाय हितं." पुन्हा आवाज यायचा. पुन्हा तो म्हणायचा, "हाय गं." दिवस गेले. त्याचे ओठ फुटले, घसा बसला. शब्द ऐकू येईना, नुसते ओठ हलताना दिसायचे.

मार्गशीर्ष सरता सरता लिंगोजी आजारी पडला. छातीत घरघर लागली. पोरानं घरी नेतो म्हटलं तर ऐकेना. म्हणाला, "देवळाच्या भाईर पडून हाय, तेवढं तरी असू दे." दीपमाळेखाली घोंगडं अंथरून त्याला ठेवलं. वरून गवताचं छप्पर घातलं. गाव आता हसत नव्हतं. कोण आधी जातंय, गुरव, पाथरवट की झाड, एवढंच लोक बघत होते.

एका सकाळी येसबा झाडावर वाकला आणि तसाच राहिला. लोक धावले, वाटलं संपला. तो बोट दाखवत होता. फांदीच्या टोकाला, पान गळून गेलेल्या पेरात, तांदळाच्या दाण्याएवढी कळी होती. बाजूला दुसरी. सगळी जाळी कळ्यांनी भरली होती.

येसबानं घागर मागितली. त्याला चालवत नव्हतं. आणि इथं एक गोष्ट घडली, ती खरी आहे, तीत 'म्हणतात' नाही. पाटलाच्या सुनेनं आपल्या डोक्यावरची घागर उतरवली. गावच्या टाक्यातलं पाणी, जे झाडाला द्यायचं नव्हतं ते. तिच्यामागून दुसरीनं उतरवली. येसबानं झाडाला पाणी पाजलं. सावकाश, ओंजळीनं. सगळं पाजून झाल्यावर मग स्वतः प्याला.

नवरात्र बसलं. रोज लोक येऊन बघायचे. कळी पांढरी झाली, टपोरली, पण उमलेना. लिंगोजी पडल्या पडल्या विचारायचा, "उमललं का?" येसबा म्हणायचा, "न्हाई अजून." एकादशी गेली, द्वादशी गेली. लिंगोजीनं विचारायचं सोडलं. नुसता वास येतोय का ते हुंगायचा.

पौर्णिमेच्या पहाटे वासानं गाव जागं झालं. असं म्हणतात की तो वास घाट उतरून गेला आणि खाटेवरची कोंडाई उठून बसली. म्हणाली, "फुललं मेल्याचं." आणि हसत आडवी झाली. ती मग उठली नाही. एवढा वास कुंदाला नसतो, हे मलाही ठाऊक आहे. त्या दिवशी होता.

येसबाच्या दगड फोडणाऱ्या बोटांना माळ ओवता येईना. फूल चुरगळायचं. बायका म्हणाल्या, "द्या हिकडं." त्यानं दिली नाही. दोरा धरून एकेक फूल ओवत राहिला. पांढऱ्या फुलांवर कुठं कुठं त्याच्या बोटांचं रक्त लागलं. माळ वाकडीतिकडी झाली. पण झाली.

पंच आले. पाटील आला. लिंगोजीला पोरानं बसतं केलं. येसबानं माळ त्याच्या ओंजळीत ठेवली आणि म्हणाला, "लिंगूदादा, उठ."

लिंगोजी उठला. उंबऱ्याशी थांबला, वाकून हात लावला. मग आत पाऊल टाकलं. आत त्याला हात धरावा लागला नाही. किती पावलांवर काय आहे, ते त्याच्या पायांना माहीत होतं. देवीपुढं उभा राहिला. दिसत काहीच नव्हतं. त्यानं हातानं देवीचा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, गळा. मग माळ घातली आणि म्हणाला, "आई, उशीर झाला."

बाहेर येसबानं पाटलाला विचारलं, "पाटील, फिटलं का?"

सुभानराव पाटलानं तोंड उघडलं, पण त्याला बोलवेना. फक्त मान हलवली. डोळ्यांना पदर लावलेल्या बायकांत तो मान खाली घालून उभा राहिला.

लिंगोजी माघ उजाडायच्या आत गेला. देवीची पूजा करणारा गुरव म्हणून गेला. त्याच्या अंगावर कुंद घातला, तो झाडावरचाच. येसबा पुढं किती वर्षं होता, याबद्दल एकमत नाही. रोज घागर आणायचा. एका उन्हाळ्यात घाट उतरून गेला आणि परत आला नाही. लोक शोधायला निघाले, तर घागर झाडाच्या बुंध्याशी, काठोकाठ भरलेली. घाटात त्याचं पाऊल कुठं उमटलेलं नव्हतं. तो कड्यावरून पडला असेल, असं कोणी म्हणतं. तो त्या फटीतून आत गेला आणि झाडाच्या मुळांशी पाणी धरून बसला आहे, असंही म्हणतात. उन्हाळ्यात त्या फटीत हात घातला तर ओला होतो. मी घातला आहे.

मूळचं झाड कधीच गेलं. त्याच्या दाबाचं झाड, त्याच्या दाबाचं दुसरं, असं करत आजचं झाड उभं आहे. कोजागिरी झाली की त्याचं पाणी तोडतात. त्या दिवसापासून कळी दिसेपर्यंत त्या वाटेनं भरली घागर नेत नाहीत. आता नळ आला, पोरी प्लास्टिकची कळशी नेतात. ती भरली असली तरी मागून वळसा घालतात. आणि झाडाजवळ रोज एका घरचं माणूस जाऊन बसतं. पाळी ठरलेली आहे. नुसतं बसायचं. बुंध्याला हात लावून म्हणायचं, "हाय गं, हितं हाय." माणूस शिकलेलं असो, मुंबईहून आलेलं असो, म्हणावं लागतं. गावात कोणी आजारी पडलं तरी तसंच. बाहेर जाऊन बसायचं नाही. आमच्याकडे मरणारं माणूस एकटं नसतं आणि त्याला पाणी मिळतं.

पौषी पौर्णिमेला पाथरवटाच्या आळीतलं माणूस माळ ओवतं. वाकडी झाली तर सरळ करत नाहीत. गुरवाच्या घरचा माणूस डोळे मिटून आत जातो आणि ती देवीला घालतो. बाहेर सगळं गाव उभं असतं. पाथरवट विचारतो, "पाटील, फिटलं का?"

पाटलाच्या घरच्यानं मान हलवून भागत नाही. मोठ्यानं बोलावं लागतं.

"फिटलं," तो म्हणतो.